जितेंद्र आत असला की

चारुशीलाबाई हेडाऊ कोणावर विश्वास ठेवत नाहीत, हे नागपूरच्या हुडकेश्वरात त्यांच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. गॅसची टाकी तोलून पाहिल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येत नाही. नवरा जेवलो म्हणाला तरी त्याचा डबा उघडून पाहतात. कुशलराव कधीमधी वैतागून म्हणायचे, "तुले पोलिसात पाठवाले पाह्यजे होतं वं." बाईंना त्याचं काही वाटत नसे. वडील उमरेडचे विणकर. व्यापाऱ्यानं धोतरात खोट काढायच्या आधी ती आपणच शोधायची, अशी त्यांची रीत. लेकीनं नेमकी तीच उचलली.

आणि बघा, काम मिळालं तेही असंच. हिंगणा रस्त्यावरची एक लहानशी कंपनी बँकांच्या, दुकानांच्या शाखा इंटरनेटला जोडणारे डबे बनवते. डब्यातली ऑपरेटिंग सिस्टीम, त्यातही निरोप आत-बाहेर नेणारा भाग, म्हणजे बाईंचं खातं.

मे महिन्यात डबे गोठू लागले. चालता चालता गप्प. बंद करून चालू केले की पुन्हा शहाण्यासारखे वागायचे. तक्रारी बँकांच्या शाखांमधून यायच्या, दुकानदार मात्र खुशाल होते. बाईंनी लगेच ओळखलं, ही रेस कंडिशन. म्हणजे दोन कामं एकाच वेळी एकाच वस्तूला हात घालतात आणि कोण आधी पोचेल याचा भरवसा नसतो. मोठा लबाड रोग हा! तपासायला म्हणून चार ओळी जास्त लिहिल्या की कामाचा वेग जरासा बदलतो आणि पठ्ठ्या गायब. ओळी काढल्या की पुन्हा हजर. अशाच्या मागे लागलेला माणूस हळूहळू सगळ्या जगाचा संशय घेऊ लागतो. बाईंना तर तेवढाही वेळ लागला नाही.

त्यांच्या डोळ्यात सलू लागला जितेंद्र. लॅबमध्ये डब्यांची चाचणी घेणं हे त्याचं काम. पुण्यातली नोकरी सोडून आलेला, कारण वडिलांना आठवड्यातून अनेकदा डायलिसिसला न्यावं लागायचं आणि दुसरं कोणी नव्हतं. अबोल, कामाला चोख. पण तो लॅबमध्ये असला की डबा गोठायचा. बाई स्वतः बसल्या की डबा सुतासारखा सरळ. एकदा झालं, दोनदा झालं, मग बाईंनी पाळतच ठेवली. जितेंद्र लॅबचं दार लावून घ्यायचा. बाईंनी दार उघडलं की तो टेबलाशी नसायचाच, खिडकीपाशी उभा, चेहरा चोरी पकडल्यासारखा. एकदा तर त्याच्या बाहीवर पाणी होतं.

"काय करून राहिला तिकडं?" बाईंनी विचारलं.

"काही नाई मॅडम. असंच."

आता "असंच" हा शब्द बाईंना साऱ्या मराठी भाषेत सगळ्यात जास्त खुपतो. त्यात त्यांना कळलं, की पुण्याची त्याची जुनी कंपनीही असलेच डबे बनवते. झालं! बाईंच्या डोक्यात चक्र फिरलं. त्या मालकाकडे, सुशीलसरांकडे गेल्या.

"सर, जितेंद्रले काही दिवस लॅबमधी येऊ देऊ नका. मले त्याचं काही खरं दिसून नाई राहिलं."

सुशीलसरांना बँकवाल्यांनी आधीच भंडावून सोडलं होतं. त्यांना कोणाचं तरी नाव हवंच होतं. त्यांनी जितेंद्रचं लॅबचं दार उघडायचं कार्ड काढून घेतलं आणि दुसरीकडे नोकरी बघायला सांगितलं. नागपुरात दुसरीकडे म्हणजे कुठे? असलं काम देणाऱ्या कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि पुण्याला परत जायचं तर डायलिसिसवरच्या बापाला कोणाच्या भरवशावर सोडायचं? जितेंद्र पाण्याची बाटली उचलून निघून गेला.

तो गेला आणि लॅबमधला डबा गोठायचा थांबला. आठवडा झाला, एकदाही नाही. बँकांतले डबे अजून गोठत, पण ते जितेंद्रच्याच हातून गेलेले, असं सगळ्यांनी धरलं. ऑफिसात सगळे बाईंना मानू लागले. दुसरी कोणी असती तर खुशीत असती. पण संशयी माणसाचं एक बरं असतं, तो स्वतःच्या जिंकण्यावरही विश्वास ठेवत नाही. जितेंद्रनं डब्यात काही घातलं असतं तर ते सापडायला हवं होतं. सापडत तर काहीच नव्हतं. बाई त्याच्या खुर्चीत बसल्या, त्याच्याच लॅपटॉपवरून त्याच्याच चाचण्या चालवल्या. डबा सुरळीत.

लॅबमधला एसी एप्रिलपासून बंद होता. दुपारी खोली अशी तापली की बाईंचा जीव कासावीस झाला. खिडकीत जुना कूलर होता. दमट हवेनं यंत्रं खराब होतात म्हणून तो लावायला सुशीलसरांची सक्त मनाई. खड्ड्यात गेली मनाई, म्हणत बाईंनी बादलीभर पाणी ओतलं. पदर भिजला. बटण दाबलं आणि दार लावून घेतलं, कोणी पाहू नये म्हणून.

थोड्या वेळात डबा गोठला.

बाईंनी कूलर बंद केला, खोली तापू दिली, डबा चालला. पुन्हा लावला, गोठला. तापलेल्या डब्याचा प्रोसेसर स्वतःला जपायला हळू चालतो, हे त्या नव्या पोरांना शिकवत. गार हवेत तो पूर्ण वेगानं धावायचा, आणि त्या वेगातच दोन कामं एकमेकांवर आदळत होती. एक काम संपलेलं कनेक्शन आवरून टाकत होतं, दुसरं अजून त्यातच होतं. जेवणाऱ्याच्या पुढचं ताट उचलून न्यावं, तसं. बँकांच्या शाखांत एसी असतो, दुकानांत नसतो, हे त्यांच्या आता लक्षात आलं. दाराची चाहूल लागली की जितेंद्र कूलर बंद करायला खिडकीकडे धावायचा, पण खोली गारच असायची, तेही कधी खटकलं नव्हतं. उन्हातून आलं की नागपुरात कुठलीही खोली गारच वाटते.

चूक सापडायला मग फार वेळ लागला नाही. जुन्या कोडमध्ये होती, जितेंद्र कंपनीत यायच्या कितीतरी आधीची. बाईंनी आधी सुशीलसरांना सारं सांगितलं, मग स्वतः फोन लावला.

"चूक माझी झाली," त्या म्हणाल्या. "तू ये बाबा परत. पण कूलर लावतो म्हणून काहून नाई सांगितलं मले?"

"तुमी विचारलंच नाई मॅडम. लपवून काय करतो, येवढंच पाहून राहिल्या होत्या."

तो परत आला. लॅबच्या दारात मात्र थांबला.

"तुमी बी चला ना संगं."

"काहून? कार्ड नाई चालत का?"

"चालते. पण कोणी सोबत असलेलं बरं."

बाई आत गेल्या, शेजारी बसल्या. सुधारलेल्या डब्याची चाचणी सुरू झाली. कूलर राजरोस चालू होता. मध्येच मॉनिटरचा पडदा क्षणभर काळा झाला. नुसती वीज लुकलुकली होती, डबा सुरळीत होता. पण त्या क्षणात बाईंची नजर डब्याकडे गेली नाही, जितेंद्रच्या हातांकडे गेली, आणि ती त्यानं पाहिली.

दोन्ही हात उचलून त्यानं टेबलावर ठेवले, बाईंना नीट दिसतील असे.