पुलीवरचा लाल ठिपका

गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला गॅरेजवाल्या रफिकने इंजिनाचं कव्हर उघडलं, तर पुलीवर लाल ठिपका. मागचा बेल्ट मी घरीच बदलला होता. नवा बेल्ट चुकीचा बसू नये म्हणून पुलीवर खूण करतात. तेव्हा रंग सापडेना, तर बायकोने आपली नेलपॉलिश आणून स्वतः ठिपका दिला. वर गाडीकडे बघून म्हणाली, "घ्या, माझी सवत नटवली!"

आता ती नाही. तिच्या साड्याही पोरींनी नेल्या.

"काका, हे पुसून नवी खूण करतो." रफिकने पेट्रोलचं फडकं उचललं.

"हात लावलास तर याद राख."

तो हसला, मग माझं तोंड बघून त्याने फडकं खाली ठेवलं. त्याच ठिपक्यावर बेल्ट बसला, कव्हर लागलं.

गाडी चालू असली की तिचा ठिपका आत अंधारात फिरत असतो. घरी पोचलो तरी इंजिन बंद करायला हात धजत नाही.