शिवेवरचा माग

फाल्गुन शुद्ध सप्तमीला, गुरुवारी, आमच्या ठाण्याच्या हद्दीतील गस्त बदलण्यात आली. त्यानंतरच्या सोमवारी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावच्या शिवारात चोरीच्या बैलजोडीचा माग तुटला. चैत्रात त्या गावच्या जागल्याचे, म्हणजे राखणदाराचे, नाव हजेरीच्या वहीत चढले. साल एकोणीसशे तीसच्या नंतरचे. नेमके साल ज्या वह्यांत आहे त्या माझ्याजवळ नाहीत. गस्तीचा तक्ता मी लिहिला होता. हजेरीच्या वहीतले नावही माझ्याच अक्षरात होते.

मी त्या ठाण्यात लेखनिक होतो. वर्तमानपत्राच्या कामात मी नंतर आलो. ठाण्याची हद्द अर्धी तापीकाठच्या सपाटीवर आणि अर्धी डोंगरात होती. एक फौजदार, एक जमादार आणि नऊ शिपाई एवढे मनुष्यबळ. सुगी संपली, रस्ते वाळले, की बैलांच्या चोऱ्या सुरू होत. पिके निघालेली असत, त्यामुळे जनावर कुठूनही हाकता येई. सपाटीवरचे जमीनदार शेतकरी छकड्यातून ठाण्यावर येत आणि तक्रार लिहून घेतल्याशिवाय परत जात नसत.

फौजदार पुण्याकडचे, वयाने तरुण, नुकतेच बदलून आलेले. कामात चोख होते. त्यांनी मला हद्दीचा नकाशा काढायला सांगितले आणि वर्षभराच्या तक्रारी लाल शाईने त्यावर मांडायला लावल्या. लाल ठिपके सगळे सपाटीवर पडले. डोंगराची बाजू कोरी राहिली.

"जिथे लाल, तिथे शिपाई," फौजदार म्हणाले.

जमादार जवळच उभे होते. ते नंदुरबारच्या एका जुन्या मुसलमान घरातले. नोकरीत केस पिकलेले, आणि बोलणे सगळे अहिराणीत. ते म्हणाले, "साहेब, डोंगरना माणूस आठे लिखाले येस का? तो त्याना पंचसमा बठस."

"म्हणजे तिथे गुन्हा नाही."

"तठे कागद नही, साहेब."

फौजदार हसले. तक्ता ठरला. डोंगराच्या वाटेवरचे शिपाई काढून घेतले. चार शिपाई आणि घोड्यावर जमादार अशी एक तुकडी उजाडताच निघेल, पायथ्याच्या गावांवरून सपाटीकडे उतरेल, आणि प्रत्येक गावी पाटलाची सही व वेळ गस्तवहीत घेईल, असे त्यात होते. मार्ग आखण्याचे काम माझ्याकडे आले. जमिनीच्या नकाशावर चार गावांमधून एक नाला सरळ जाताना दिसत होता. गाडीवाट त्याच गावांना वळसे घालून जात होती. नाल्याच्या पात्रातून गेल्यास दीड कोस वाचत होता. मी तो मार्ग लिहिला. जमादारांना विचारले नाही.

त्या भागातली माग काढण्याची रीत इथे सांगितली पाहिजे. जनावर चोरीला गेले, की त्या गावचा जागल्या सकाळी खुरांचे ठसे शोधी. चांगला ठसा सापडला की त्यावर टोपली पालथी घाली, म्हणजे वाऱ्याने किंवा कुणाच्या पायाने तो मोडू नये. मग काडीने खुराचे माप घेऊन माग काढत आपल्या गावच्या शिवेपर्यंत जाई. तिथे शेजारच्या गावच्या जागल्याला बोलावले जाई. तो ठसा पाही, काडी लावून बघी, आणि माग आपल्या हाती घेई. तिथून पुढे जबाबदारी त्याच्या गावाची. त्याने माग आपल्या शिवेबाहेर काढून दाखवला की तो सुटला. ज्या शिवारात माग तुटला, त्या शिवारात जनावर आहे असे धरले जाई, आणि त्या जागल्याकडे बोट दाखवले जाई. हे कुठल्या कायद्यात नव्हते. पण दोन्ही बाजूंची गावे ते मानत आणि ठाणेही मानत असे.

ठसे शोधायची जागा तोच नाला होता. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि ठसा ढासळतो. पाण्याच्या कडेला हातभर रुंदीचा ओला पट्टा असतो. जनावर त्याच पट्ट्यावरून चालते, कारण तिथे जमीन घट्ट असते. आमचे शिपाईही त्याच पट्ट्यावरून चालले.

ज्या जागल्याविषयी हे लिहीत आहे तो भिल्ल होता. वय पन्नाशीच्या पुढे. ठाण्यात त्याला सगळे 'नाईक' म्हणत. हजेरीची नावे संध्याकाळी चावडीवर पुकारण्याचे कामही त्याचेच होते. ज्यांच्यावर चोरीचा संशय असे, त्यांना रोज दिवस मावळताना पाटलापुढे उभे राहून आपण गावात असल्याचे दाखवावे लागे. त्यांची नावे हाच पुकारी.

त्या सोमवारी सपाटीवरच्या गावातून बैलजोडी गेल्याचे उघड झाले. तिथला जागल्या माग काढत शिवेवर आला. नाईकाने काडी लावली, माग घेतला आणि नाल्यात उतरला. ओल्या पट्ट्यावर वहाणांचे आणि घोड्याच्या नालांचे ठसे होते. बैलाचा एकही खूर त्यांत ओळखू येत नव्हता. त्याने दोन्ही काठ शिवेपासून शिवेपर्यंत तपासले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासले. बैल पात्राबाहेर कुठे निघाले ते त्याला सापडले नाही. त्या वर्षी तो डोंगरातल्या काठी गावच्या होळीलाही गेला नाही. सगळे गाव होळीला गेले तेव्हा तो नाल्यातच होता. हे मी पाहिलेले नाही, जमादारांनी सांगितले.

होळीनंतर तो ठाण्यावर आला. दुपारची वेळ होती. दारात वहाणा काढून तो माझ्या टेबलासमोर बसला.

"लिखनार दादा, त्या दिनले तुम्हना शिपाई नालामा कव्हय उनात, ते वहीमा शे ना?"

आहे, म्हणालो.

"मंग ते वाची दाखाडा. दोन्ही गावना पंचसनी ऐकं का बस. माग सरकारना पायखाले गया, मन्हा हातथीन नही गया."

जमादार खाटेवर पाय सोडून बसले होते. ते म्हणाले, "नाईक, तुले वाचता येत नही ते बरं शे. वाचता येतं, तर तू बी आठे टेबलमांगे बठता."

"टेबलमांगे बठीसन माग दिखस का, दादा?"

जमादार मोठ्याने हसले. मग हसायचे थांबले आणि मला म्हणाले, "तो खरं सांगस. मन्हाच घोडा व्हता."

मी फौजदारांकडे गेलो. गस्तवही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी नोंद वाचली आणि वही मिटली.

"ही खात्याची वही आहे. चावडीवर वाचायला ती पोथी नाही."

"साहेब, नोंद वाचली तर त्याच्यावरचा संशय जातो."

"आणि कुणावर येतो?"

नव्या गस्तीचा अहवाल वरच्या कचेरीकडे गेलेला होता. तो मीच लिहिला होता, आणि चोऱ्या कमी होतील असे त्यात म्हटले होते. बाहेर येऊन मी जागल्याला सांगितले की परवानगी नाही. त्याने कारण विचारले नाही. वहाणा घातल्या आणि गेला.

बैलांचा मालक वजनदार होता. तो दोनदा ठाण्यावर आला. चैत्राच्या पहिल्या आठवड्यात जागल्याला कामावरून दूर करून त्याचे नाव हजेरीच्या वहीत घालण्याचा हुकूम निघाला. त्याच्या जागी तात्पुरता म्हणून त्याच्या पुतण्याला नेमले. पुतण्या दोन मुलांचा बाप होता, अंगाने धडधाकट. पण त्याला माग वाचता येत नव्हता.

पहिल्या संध्याकाळी वही तपासण्यासाठी मी त्या गावी होतो. चावडीपुढे सहा जण उभे होते. सातवा तो. पुतण्या नावे पुकारत गेला. चुलत्याच्या नावाशी आला आणि थांबला. मग म्हणाला, "काका."

पाटील म्हणाले, "काका असं नाव वहीत नाही."

रांगेतून जागल्याच म्हणाला, "म्हन रे. नाव शे ते म्हननं पडी."

पुतण्याने नाव घेतले. जागल्याने 'हाजीर' म्हटले. मी वहीत खूण केली.

त्यानंतर तो एकही संध्याकाळ चुकला नाही. वहीत त्याच्या नावापुढच्या खुणा सलग आहेत. पाटलांनी नंतर सांगितले की तो सगळ्यांच्या आधी येऊन उभा राही.

वैशाखात पुन्हा चोरी झाली, एका बैलाची. या वेळी त्या सपाटीवरच्या गावचा जागल्या नाल्याच्या बाजूने आलाच नाही, वरच्या माळावरून आला. माग चांगला होता. पुतण्याने तो शिवेवर घेतला, पण पन्नास पावलांवर चुकला. त्याने घरी जाऊन चुलत्याला आणले. चुलत्याने ठसा पाहिला आणि सरळ चालत सुटला. दुपार टळायच्या आत माग त्याने शिवारातून पार करून पलीकडच्या शिवेवर नेला. पलीकडच्या गावचा जागल्या त्याचा व्याही होता. चुलत्याची थोरली मुलगी तिथे दिलेली होती. पुढचे संभाषण पुतण्याने ठाण्यावर जबाबात सांगितले, आणि व्याह्याने ते नाकारले नाही.

"याही, तू बाजूले ऱ्हाय," व्याही म्हणाला. "माग तुन्हा पुतन्याले दखाडू दे."

"त्याले नही येत."

"मंग माले घेता येवाव नही. हजेरीवालाना हातना माग मन्हा गाव लेवाव नही."

"माप लाई दख. खूर तोच शे."

"खूर तोच शे. हात तो नही."

जागल्या तिथेच ठशापाशी बसून राहिला. व्याही घरी गेला. दिवस कलल्यावर पुतण्या त्याला म्हणाला, "काका, चाल. हजेरीना टाईम व्हयना." दोघे गावात परतले. त्या संध्याकाळी जागल्याच्या नावापुढे हजर असल्याची खूण आहे. ती शेवटची.

दुसऱ्या दिवशी तो गावात नव्हता. तीन दिवस पाटलांनी 'गैरहजर' लिहिले. चौथ्या दिवशी फौजदारांनी दोन शिपाई डोंगरात पाठवले. फाल्गुनात गस्त बदलल्यापासून त्या वाटेवर शिपाई गेले ते प्रथमच. ते काठीपर्यंत जाऊन आले. वाटेतल्या पाड्यांवर त्यांना कुणी काही सांगितले नाही. 'तपास लागला नाही' असे मी लिहिले. त्याची बायको चावडीवर आली होती. तिने एवढेच सांगितले की निघताना त्याने घोंगडी घेतली, भाकरी घेतली नाही.

ज्येष्ठात फौजदारांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ निवृत्तीला टेकलेले होते. पहिल्याच आठवड्यात मी गस्तवहीची ती नोंद त्यांच्यापुढे ठेवली आणि जागल्याची मागणी काय होती ते सांगितले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "एवढंच? मग वाचून दाखवायला काय हरकत होती?"

मी वही उचलली.

"जमादारांना घेऊन जा," ते म्हणाले.

आम्ही गेलो. सपाटीवरच्या गावचे आणि पलीकडच्या गावचे पंच चावडीवर बोलावले होते. जागल्याची बायको आणि पुतण्या ओट्याखाली उभे होते. मी नोंद वाचली: सोमवार. शिपाई चार, जमादार एक, घोडा एक. नाल्याच्या पात्रातून येणे झाले. सूर्य कासराभर वर. पाटलाची सही.

सपाटीवरच्या गावच्या जागल्याने विचारले, "कासराभर?"

"कासराभर," मी म्हणालो. "उजाडून तासभर झालेला."

"मी माग त्याले दिधा तव्हय सूर्य माथावर येल व्हता."

पाटलांनी त्याचा जबाब लिहून घेतला. पंचांनी अंगठे केले. व्याह्याने अंगठा करताना मान वर केली नाही. जमादार त्याला म्हणाले, "दोन महिना पह्यले इतलंच वाचतात, तर तुन्हा याही आठे बठता." मग माझ्याकडे न बघता ते घोड्याकडे गेले.

जागल्याच्या बायकोने मला विचारले, "आते त्यानं नाव नही ना वहीमा?"

मी वही मागवून घेतली आणि तिच्यासमोर नाव खोडले. बाजूला तारीख घातली आणि सही केली. तिला वाचता येत नव्हते. तिने खोडलेल्या रेघेवर बोट ठेवून पाहिले.

गस्तीचा मार्ग त्याच आठवड्यात नाल्यातून काढून वरच्या गाडीवाटेने करण्यात आला. बैल सापडले नाहीत, पहिली जोडीही नाही आणि नंतरचा बैलही नाही. जागल्याच्या शोधासाठी नव्या फौजदारांनी शेजारच्या ठाण्यांना पत्रे लिहिली. दोन उत्तरे आली, दोन्हीत नकार होता.

भाद्रपदात मीठ विकणारा एक फेरीवाला ठाण्यावर आला. त्याने जबाब दिला की वैशाखाच्या अखेरीस, डोंगरातल्या मोलगीच्या बाजाराच्या दिवशी, त्याने जागल्याला पाहिले होते. दोघांची जुनी ओळख होती. जागल्याने त्याच्याकडून मूठभर मीठ घेतले, घोंगडीच्या टोकाला बांधले आणि मणिबेलीकडे नर्मदेवर उतरणाऱ्या वाटेने तो एकटा चालत गेला.