त्यांच्या स्टाफरूममध्ये

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत उंदीर मेला होता. कपाटामागे. दोन दिवस नुसता वास येत होता, तिसऱ्या दिवशी आत बसवेना. मी आठवीत होते. सायन्सच्या बाई नाकाला पदर लावून आल्या. शिपाई रजेवर होता. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. पहिला बाक. दुसरा बाक. मुलं माना खाली घालून बसली. तिसऱ्या बाकावर नजर थांबली.

"ए, तू. तिसऱ्या बाकावरची. ऊठ, काढ तो."

मी लगेच उठले. तरी बाई वर्गाकडे बघून पुढे बोलल्याच, "यांना सवय असते."

दोन मुलांनी कपाट सरकवलं आणि दाराकडे पळाले. मी वहीची मधली पानं फाडली. उंदीर फुगलेला होता. पानात धरला तर ओल हाताला लागली. मैदान ओलांडून कुंपणाबाहेर टाकून आले. आत आले तर पोरं टाळ्या वाजवत होती. बाई हसून "शाब्बास" म्हणाल्या. प्रयोगशाळेत बेसिन होतं. मी तिकडे वळले.

"तिथे नको. बाहेरच्या नळावर धू."

आता जे सांगायचं ते सांगायला लाज वाटते. मला आनंद झाला होता. वर्षभरात बाई पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या होत्या. शाब्बास म्हणाल्या होत्या. मी घरी पळत गेले.

घर म्हणजे बदलापूर गावाची शेवटची घरं संपली की नदीच्या अंगाला आमचा बौद्धवाडा. बाप वीटभट्टीवर. आय चुलीपुढे भाकऱ्या करत होती. मी सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. तिने मान वर केली नाही.

"चाळीस पोरां व्हती ना वर्गान? मंग तूच कशी गावलीस तिला?"

एवढंच बोलली. भाकरी थापत राहिली, जोरजोरात. मी उभ्या उभ्या वर्ग आठवला. एकेक बाक. एकेक आडनाव. आमच्यातली मी एकटी होते.

दुसऱ्या दिवसापासून मी शेवटच्या बाकावर बसायला लागले. मला वाटलं, बाक बदलला की झालं.

बारावीनंतर उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं. केमिस्ट्री घेतली. तिथे सिंधी पोरी, मराठी पोरी, सगळी भेळमिसळ. कुणी नाव विचारलं की मी फक्त नाव सांगायची. आडनाव खाऊन टाकायची. एकदा एका मैत्रिणीने खोदून विचारलं, तर मी दुसरंच सांगितलं. कुलकर्णी, देशपांडे म्हणायची हिंमत नव्हती. पाटील म्हणून सांगितलं. तीन वर्षं ती मला पाटील म्हणत होती आणि मी ओ देत होते. ही चोरी बाईंची नाही. माझी आहे.

मग अंबरनाथला एमआयडीसीत, औषधाचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीत लागले. लॅबमध्ये. वरचे साहेब वासवानी, उल्हासनगरचे. कामाला कडक, पण कधी जात काढली नाही. नमुना तपास, आकडा लिही, सही कर. अंगाला केमिकलचा वास यायचा. तो सगळ्यांच्याच अंगाला यायचा.

पॅकिंगला बायका होत्या. त्यांतल्या लीलाताई नगरकडच्या, चाळिशीच्या. एक दिवस लादी धुवायला साबणाचं पाणी म्हणून त्यांनी कॉस्टिक सोड्याचा कॅन उचलला आणि तो हातावर सांडला. दोन्ही कॅन पांढरे. वर इंग्रजीत लिहिलेलं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलवटली. मी नळाखाली त्यांचा हात धरून उभी राहिले. त्या ओरडत नव्हत्या. "माझंच चुकलं, माझंच चुकलं," म्हणत होत्या.

वासवानी साहेबांनी रिपोर्ट लिहिला. 'कामगाराचा निष्काळजीपणा.' मी तो वाचला.

"सर, त्यांना वाचताच येत नाही."

"तो मैं क्या करूँ? स्कूल खोलूँ?"

शाळा मीच उघडली. जेवणाच्या सुट्टीत, गोडाऊनच्या सावलीत, रिकाम्या ड्रमवर खडूने. सुरुवातीला चार बायका, मग नऊ. अ-आ-ई नाही. आधी कॅनवरची अक्षरं. हा सी, चंद्रकोरीसारखा. सी दिसला की हात मागे, आधी मला विचारा. हा ए. हे ॲसिड. बायका हसायच्या, एकमेकींच्या चुका काढायच्या. दोन महिन्यांनी लीलाताई भाजलेल्या हाताचं बोट लेबलावर फिरवत होत्या. एकेक अक्षर जोडून त्यांनी मोठ्याने म्हटलं, "कॉ-स्टि-क." आणि माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आयुष्यात कुणी बघितलं नव्हतं.

"तू वरडत नाहीस बघ," त्या म्हणाल्या. "आमच्या गावचा मास्तर असा असता तर म्या दुसरीतनं पळाले नसते. तू मास्तरीणच हो."

ते डोक्यात बसलं. लॅबमध्ये आकडे लिहिताना तेच. घरी तेच.

पोरांची भीती वाटत नव्हती. भीती होती मास्तर लोकांची. शाळा म्हटलं की वर्ग दिसायच्या आधी मला स्टाफरूम दिसायची. बाहेरून बघितलेली. अर्धा उघडा दरवाजा, आत हसणं, चहाचा वास, आणि दारात उभं राहून "आत येऊ का बाई?" विचारणारी मी. आता त्यांच्यातच जाऊन बसायचं? त्यांच्या डब्यात हात घालायचा? संक्रांतीला त्या एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावणार, तेव्हा मी वह्या तपासत बसल्याचं सोंग करणार? दसऱ्याला सरस्वतीपूजनाचं ताट कुणाच्या हातात देणार ते ठरलेलं. आणि चौदा एप्रिल आला की भाषण मात्र माझ्याच गळ्यात.

कंपनीत मला हे काही नव्हतं. वासवानी साहेबांना नुसतं बोलून बघितलं, तर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"टीचर? पागल है क्या तू? इधर कोई पूछता है, तू कौन? रिजल्ट बराबर दे, बस. उधर जाके क्या करेगी उन लोगों में?"

खरं होतं. सहा वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. पण लीलाताईंनाही कुणी काही विचारलं नव्हतं, आणि रिपोर्ट लिहून झाला होता.

आयने वेगळ्या शब्दांत तेच म्हटलं. "त्याच बायांमदी जाऊन बसशील?"

मी परातीतलं पीठ मळायला घेतलं.

त्याच उन्हाळ्यात कळलं, माझ्याच जुन्या शाळेत सायन्सची एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार आहे. जूनपासून तीन महिन्यांची जागा. माझं बी.एड. नव्हतं, पण रजेच्या जागेवर बी.एस्सी. चालणार होतं. अर्ज टाकला. शाळा उघडल्यावर पाठ घ्यायला बोलावलं. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली, कंपनीतून लिटमसचे कागद मागून घेतले आणि गेले.

नववीचा वर्ग. आम्ल आणि अल्क. पुस्तक उघडलंच नाही. एका वाटीत लिंबू, एका वाटीत चुन्याची निवळी. एकेका बाकाला पुढे बोलावलं, ओळीने, कुणाला न निवडता. निळ्याचा लाल, लालचा निळा. पोरं बघायला बाकांवर चढली. मागे हेडमास्तर बसले होते, तेही खुर्चीतून पुढे सरकले. तास संपल्याची घंटा झाली तरी एक मुलगी विचारत होती, "बाई, साबणाचं पाणी काय असतं मग?" मला त्या क्षणी वाटलं, भीती उगाचच होती.

हेडमास्तर म्हणाले, "स्टाफरूममध्ये बसा. चहा घ्या. मी आलोच."

पहिल्यांदा त्या दाराच्या आत गेले. चार-पाच जणं होती. बसायला जागा दिली. चहाही दिला, त्यांच्यासारख्याच कपात. खोटं का बोलू? एका सरांनी नाव विचारलं. सांगितलं.

"आणि आडनाव?"

या वेळी मी गिळलं नाही. सांगितलं. सर "हं" म्हणाले आणि शेजारच्या बाईंकडे बघून विचारलं, "ही जागा कोट्यातली आहे का हो?"

माझ्यासमोर. मी तिथे नसल्यासारखं.

तेवढ्यात सायन्सच्या बाई आल्या. आमच्या. केस पिकलेले, आता सुपरवायझर झालेल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग एकदम चेहरा फुलला.

"अगं, तूच ना ती? उंदीर काढणारी!" आणि सगळ्यांना सांगायला लागल्या, हातवारे करून, रंगवून. वास कसा, पोरं कशी पळाली, ही कशी बेधडक गेली. "इतकी धीट पोर होती, सांगू!"

सगळे हसले. कोपऱ्यात वह्या तपासणारी एक तरुण बाई, माझ्याच वयाची, तीही हसली. त्यांच्यासाठी तो इतकी वर्षं गमतीचा किस्सा होता. बाईंच्या मनात काही खुपतच नव्हतं. मला ते सगळ्यात जास्त लागलं.

कप खाली ठेवला.

"धीट नव्हते बाई. तुम्हाला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. जात मात्र माहीत होती."

हसणं बंद झालं. बाईंचा चेहरा लाल.

"काहीतरीच काय! मी कौतुक करतेय तुझं. आम्ही असलं मुळीच मानत नाही. आमच्याकडे भांड्यांना तुमच्यातलीच बाई आहे, वर्षानुवर्षं."

"हो ना," मी म्हणाले. "भांड्यांनाच."

कोट्याची चौकशी करणारे सर वर्तमानपत्र शोधायला लागले.

हेडमास्तरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आतली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. दार लोटून घेतलं, मऊ आवाजात म्हणाले, "पाठ उत्तम झाला. त्यात वादच नाही. पण स्टाफमध्ये जुळवून घ्यावं लागतं. विचार करा आणि दोन दिवसांत कळवा."

मी नाही म्हणावं, हीच इच्छा होती त्यांची. माझ्या तोंडून.

बाहेर आले. स्टेशनकडे चालताना डोकं तापलेलं. नको ते, असं दहादा म्हटलं. लॅब बरी, आकडे बरे. आकडे हसत नाहीत. मग वाटलं, मी गेले नाही तर या स्टाफरूमचं काय बिघडणार? काहीच नाही. तीच माणसं, तेच हसणं. वर्गावरून नजर फिरवणारीही तीच. आणि तिथे आमच्या वाड्यातली पोरं रोज जाऊन बसणार. सहकारी चांगले मिळाले तरच शिकवायचं म्हटलं, तर आमच्यातलं कुणी कधी शिकवायलाच जाणार नाही.

दोन दिवस लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र नेऊन दिलं. 'सोमवारी रुजू होत आहे.' बी.एड.चा फॉर्मही आणला. वासवानी साहेब चिडले, मग राजीनाम्यावर सही केली. लीलाताईंना वर्ग सोपवला. त्यांना सगळी लेबलं वाचता येत होती.

आयला सांगितलं तेव्हा तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "बस जाऊन. पन खाली मान घालून बसू नकोस."

सोमवारी स्टाफरूममध्ये गेले. एकच खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कुणाची तरी पर्स. मी दोन मिनिटं उभी राहिले. सगळ्यांना मी दिसत होते. पर्स कुणी उचलली नाही. मी ती उचलून टेबलावर ठेवली आणि बसले.

शेजारच्या बाईंनी खुर्ची थोडी पलीकडे ओढली. ओढू दे. मी इथे कुणाची मैत्रीण व्हायला आलेले नाही. डबा एकटीने खाईन. तीन महिने, मग बी.एड., मग पुन्हा इथेच अर्ज. ही जागा नाही तर दुसरी, पण वर्गात उभी मीच राहणार. ज्यांना माझ्याशेजारी बसायचं नसेल त्यांनी उठावं. मी उठणार नाही.