स्टूलबाई

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. नवरा वेळेवर घरी आला तरी मी विचारते, "आज काय झालं?" तेव्हा आमच्या लाँड्रीतल्या त्या बाईवर मी विश्वास ठेवला असता तरच नवल.

हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायचं आमचं काम. दहा तास उभ्यानं. बसायला मनाई, कारण म्हणे बसलं की हात मंदावतो. ही बाई रोज घरून एक लाकडी स्टूल आणायची आणि टेबलाशी ठेवून त्यावर बसून इस्त्री करायची. सुपरवायझर येऊन म्हणायचा, "उठा." ती उठायची, स्टूल स्वतःच्या हातानं त्याला द्यायची आणि म्हणायची, "उद्या परत आणीन हं." संध्याकाळी वॉचमनकडून ते घेऊन घरी जायची. ना आरडाओरडा, ना शिवीगाळ. असं दोन वर्षं चाललं. आम्ही तिला स्टूलबाईच म्हणायचो.

पण मग तिला काढून का टाकत नव्हते? उलट महिन्यातून एकदा मालक तिला केबिनमध्ये बोलवायचे आणि ती अगदी शांतपणे बाहेर यायची. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ताडलं.

"मालकाचं माणूस आहे ते," मी बाकीच्यांना सांगितलं. "आपल्यातलं कोण तिच्या मागे जातं, ते बघायला ठेवलीये."

आधी दोघी-तिघींना पटलं, मग सगळ्यांनाच. तिच्याशी कुणी बोलेना. पाणी मारायचा फवारासुद्धा कुणी तिच्याकडे सरकवेना. ती टेबलाला वळसा घालून स्वतः घ्यायची. मी मनात म्हणायचे, बघा, कशी साळसूद!

एका दुपारी माझे पाय टम्म सुजले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणीतरी मला धरून बसवलं. स्टूल तिचंच होतं. सुपरवायझर तरातरा आला. "उठा!"

ती मधे उभी राहिली. "मला रोज उठवता, मी उठते. यांना उठवायचं नाही."

त्यानं तिला ढकललं. ती टेबलावर आपटली, पण तिनं हात उचलला नाही. पुन्हा येऊन तिथंच उभी राहिली. संध्याकाळी तिला कामावरून काढलं.

मी घरी निघाले तेव्हा वॉचमननं ते स्टूल माझ्या हातात दिलं. "तुमच्यासाठी ठेवून गेल्या. केबिनच्या दाराशी मीच असतो ना, सगळं ऐकू येतं. त्यांच्यासारखी घडी कुणाची नाही, म्हणून मालक दर महिन्याला त्यांना तपासणीच्या टेबलाची खुर्ची देऊ करत होते. त्या म्हणायच्या, सगळ्या बसतील तेव्हा मी बसेन."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टूल घेऊन गेले. "उठा." उठले. "उद्या परत आणीन हं," म्हणाले आणि स्टूल त्याच्या हातात दिलं. असे तीन आठवडे गेले आणि मालकांनी मला बोलावलं. तीच खुर्ची देतो म्हणाले, स्टूल तेवढं घरी ठेवा. मी नको म्हणून बाहेर आले.

टेबलाभोवतीच्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. शेजारणीनं हातातला फवारा स्वतःकडे ओढून घेतला. त्या नजरा मला चांगल्या ठाऊक होत्या, मीच तर त्यांना शिकवल्या होत्या. मी टेबलाला वळसा घालून गेले, स्वतः फवारा घेतला आणि पुढची चादर पसरली.