आठ सिलिंडरचा आवाज

माझा दादा बस चालवायचा. तसे बस चालवणारे पुष्कळ असतात, पण गाडीचं दुखणं नुसतं ऐकून ओळखणारा डेपोत तो एकटाच. बाहेरून आलेली बस फाटकाशी वळली की हा हातातला कप खाली ठेवून म्हणायचा, हिची बेअरिंग गेली, आणि फिटर उघडून बघतो तर खरंच बेअरिंग गेलेली असायची. माझं शिवणाचं मशीन खालच्या खोलीत आहे. वर आडवा पडल्यापडल्या दादा ओरडायचा, अगं तेल घाल त्याला, रडतंय बिचारं. मला अस्सा राग यायचा, पण उठून तेल घालावंच लागायचं.

तो फिटर म्हणजे दादाचा जिवलग. त्याला नावाने कोणीच हाक मारत नाही, लहानथोर सगळ्यांचा तो फिटरच. आख्खी नोकरी दोघांनी एका डेपोत काढली, दादाने ऐकायचं आणि त्याने उघडायचं. वहिनी गेली तेव्हा तो रोज संध्याकाळी येऊन दादाजवळ बसायचा. बोलायचा काही नाही, नुसता बसायचा, आणि त्याचं ते येणं नंतरही सुटलं नाही. त्याची जुनी स्कूटर कोपऱ्यावर वळली की दादा मला सांगायचा, चहाचं पाणी वाढव, आला. मला तोवर काहीसुद्धा ऐकू आलेलं नसायचं.

निवृत्त झाल्यावर दादाचे कान उतरायला लागले. डॉक्टर म्हणाले, जन्मभर इंजिनाशेजारी बसल्याने झालंय, गेलेलं परत येणार नाही आणि उरलंय तेही हळूहळू जाईल, कानाला मशीन लावा. दादाने मशीनचं नाव काढू दिलं नाही. दोन दिवसांनी ताटावर बसून म्हणाला, कान पुरते जायच्या आत मला आठ सिलिंडरचं इंजिन ऐकायचंय, आणि तेही स्वतः चालवून.

त्याला मसल कार हवी होती. लांब नाकाची, रुंद ढुंगणाची, चारशेच्या वर हॉर्सपॉवरची. मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगायचं तर मला कळत होतं. त्याच्या बसला साठाच्या वर जाता येणार नाही असा लगाम कायमचा बांधलेला. पाय दाबला तरी गाडी पळत नाही, अशा गाडीवर माणसाने सगळी उमेदीची वर्षं घालवायची म्हणजे काय! निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा त्याने मोकळा केला आणि शोधायचं काम फिटरवर सोपवलं. दुसऱ्या कोणावर सोपवणार? फिटर तेव्हा जुन्या गाड्या विकणाऱ्या एका मालकाकडे कामाला लागला होता.

महिन्याभरात गाडी दारात उभी राहिली, गडद निळी, डोळे वटारलेली. दादा आत बसला, बटण दाबलं, आणि गाडी अशी घुमली की माझ्या छातीत धडधडलं. त्याने डोळे मिटून घेतले. पायाने थोडं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं आणि ते त्याने पुसलंसुद्धा नाही.

"आठच ना रे?" त्याने विचारलं.

"आठच," फिटर म्हणाला.

कागदपत्रं फिटरनेच केली, तो दाखवेल तिथे दादाने सह्या केल्या. फिटरने बजावून सांगितलं, बॉनेटखाली हात घालू नकोस, आतमध्ये सगळं इलेक्ट्रॉनिक असतं, सर्व्हिसिंग माझं मी बघेन. दादाने मान डोलावली. ज्याच्या हातात आख्खा डेपो दिला, त्याच्यावर एका गाडीचा काय संशय घ्यायचा?

आता त्या बयेचं कौतुकही ऐका आणि गाऱ्हाणंही. मोकळ्या रस्त्यावर दादाने पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची, पोट मागे राहून जायचं, आणि माझ्यासारखी नाक मुरडणारी बाईसुद्धा हसत सुटायची. पण पेट्रोल ती पाण्यासारखं प्यायची. मागच्या सीटवर माणूस मावायचा नाही, पिशव्या मावायच्या. प्रत्येक गतिरोधकावर पोट घासायचं आणि दादाचा चेहरा असा व्हायचा की जणू त्याचंच घासलं. मागचं तर काही दिसायचंच नाही. एकदा ओल्या रस्त्यावर त्याने जरा जास्त दाबलं तर मागची चाकं सरकली आणि गाडी आडवी झाली. बस म्हणजे म्हातारा बैल होता, ही कोणाचंच ऐकत नाही, असं तो कौतुकाने सांगायचा. रोज सकाळी एक फेरी मारायचा आणि परतला की दहा वर्षांनी लहान दिसायचा. त्यापुढे मी काय बोलणार?

मग एक दिवस सकाळी तो किल्ली घेऊन गेला आणि लगेच परत आला. जिन्याच्या पायरीवर बसला. तोंड पांढरंफटक.

"गेले कान," म्हणाला. "गाडी चालू आहे. थरथर लागतेय हाताला. आवाज नाही."

मी स्वयंपाकघरात गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि मुद्दाम नेहमीच्याच आवाजात विचारलं, चहा टाकू का?

"टाक," दादा म्हणाला.

मी वळले. तो माझ्याकडे बघत होता. आधी मला हसू फुटलं, मग त्याला, आणि मग आम्ही दोघंही एकदम हसायचं थांबलो. कान जागेवर होते, तर मग आवाज कुठे गेला?

गाडी अंगणात चालूच होती. जवळ गेल्यावर मला बारीक गुरगुर ऐकू आली, मिक्सर फिरावा तशी. मी आत बसून रेडिओ लावला तर रेडिओही मुका. दादाने ते पाहिलं मात्र, त्याचा चेहरा बदलला. फ्यूजची पेटी उघडली. साउंड सिस्टिमचा फ्यूज उडाला होता. त्याने घरातून नवा आणून बसवला.

आणि आठ सिलिंडर घुमले.

दादाने फ्यूज उपटला. गुरगुर. बसवला. घुमली. पुन्हा उपटला. इंजिन आपलं एका लयीत चालूच होतं. मी म्हटलं, पुरे कर रे, पण तो ऐकत नव्हता. शेवटी त्याने बॉनेट वर केलं, फिटरने नको म्हटलेलं प्लास्टिकचं झाकण काढलं आणि बोट लावून सिलिंडर मोजले. या बाजूला तीन, त्या बाजूला तीन. वर ताकद वाढवायला दोन टर्बो. आठाचा पत्ताच नव्हता.

संध्याकाळी फिटर नेहमीसारखा आला. दादाने त्याच्यासमोर फ्यूज ठेवला. आधी तो ततपप करायला लागला, मग खुर्चीवर बसून भडाभडा बोलला. आठवाली मिळाली नव्हती. ही वर्षभर मालकाच्या आवारात पडून होती, खपवली नसती तर फिटरचीच नोकरी गेली असती. आणि ताकदीला ही आठवालीच्या तोडीस तोड आहे, कुठे कमी पडली सांग. हल्ली बऱ्याच गाड्यांत आवाज स्पीकरमधूनच येतो. कंपनीनेच दिलेला असतो, त्याने फक्त वाढवून दिला.

मी दातओठ खात उभी होते. दादा शांतपणे म्हणाला, मी तुला विचारलं होतं.

"विचारलं होतंस," फिटर म्हणाला. "पण तूच सांग, तुझ्या कानाला आता काय फरक पडणार होता?"

बोलून गेला आणि आपण काय बोललो ते त्याच्या तोंडावर दिसलं.

"आवाज खोटा निघाला, त्याचं सोड," दादा म्हणाला. "माझ्या कानाला खरं-खोटं ओळखू येईनासं झालंय हे माझ्याआधी तुला कळलं होतं. ते मला सांगायचं सोडून तू ते वापरलंस."

फिटर उठून गेला. मी भांडायला त्याच्या मागे निघाले होते, दादाने हात धरून बसवलं. इतक्या वर्षांत त्या दोघांत मी वाद पाहिले होते, रुसवे पाहिले होते, पण केसाने गळा कापलेला पाहिला नव्हता.

दादा गाडी अजून चालवतो. फ्यूज काढून चालवतो, भाजी आणायला. दुसऱ्याच दिवशी त्याने डॉक्टरांकडे जाऊन कानाचं मशीन आणलं. घरी आल्यावर मला म्हणाला, तुझं मशीन रडतंय, तेल घाल. मी हातातलं टाकून आधी तेल घातलं.

परवा संध्याकाळी मी गॅसपाशी उभी होते. दादा खिडकीत शेंगा सोलत होता. एकदम त्याचे हात थांबले. बऱ्याच वेळाने मलाही ऐकू आली ती स्कूटर. कोपऱ्यावर येऊन थांबली होती, बंद केली नव्हती. पुढे यावं की नाही, ठरत नसावं.

मी विचारलं, दादा, पाणी वाढवू का?

त्याने कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं.

"कशाला?" तो म्हणाला. "कोणी आलंय का?"