माझ्या अंथरुणावर हवालदाराचे बूट

ड्रायव्हर भावांनो आणि बाकीच्यांनो, आज दुपारची गोष्ट आहे. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय.

टोमॅटो भरून पेठ रोडने गुजरातला निघालो होतो. नाकाबंदीत ट्रक थांबवला. कागद दाखवले, सगळे बरोबर निघाले. तरी हवालदार म्हणाला, "खाली उतर, केबिन बघायची आहे."

बघा की! तपासणीला माझी ना नाही. पण आम्ही केबिनमध्ये चप्पल घालत नाही. पुढे देवाचा फोटो असतो, मागे अंथरूण. चप्पल सीटखाली राहिली आणि मी घाईत अनवाणीच उतरलो. हा गडी मात्र बुटांसकट वर चढला आणि थेट माझ्या अंथरुणावर पाय दिला.

मी म्हणालो, "साहेब, तेवढे बूट काढता का? मी तिथंच झोपतो."

"ट्रक आहे का तुझा बंगला?" असं म्हणत त्याने दोरीवर वाळत घातलेली माझी चड्डी काठीने उचलून खालच्या जोडीदाराला दाखवली. दोघं खो खो हसले.

सापडलं काहीच नाही. "चल, निघ," एवढंच बोलला.

महिन्यातले वीस-बावीस दिवस मी त्या केबिनमध्ये जेवतो, झोपतो, लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. आणि आज तापलेल्या डांबरावर पाय भाजत असताना "माझी चप्पल तरी द्या" म्हणायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही.

तुमच्या घरात शिरून कुणी बुटांनी तुमचं अंथरूण तुडवलं, तर तुम्हीही दाराबाहेर असेच अनवाणी उभे राहाल का?