कुलूपबंद वस्तीतला सडा

ताडकळसच्या मन्मथअप्पांचं किराणा दुकान. साठीला साखरेचा आजार निघाला, तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. अप्पांनी सायकल घेतली.

"लोक हसायलेत," बायको भागम्मा म्हणाली.

"हसू दे."

दर जानेवारीत परभणीहून गोदाकाठापर्यंत आणि परत अशी एक सायकल फेरी निघते. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं जिथं राहतात, त्या वसतिगृहासाठी तिच्यातून मदत गोळा होते. अप्पांनी ती कधी चुकवली नाही.

त्या वर्षी धुकं असं दाटलं होतं की पिंगळी गाव कधी मागं पडलं ते कळलंच नाही. पुढं नदीच्या बाजूला वळताना अप्पा सोबत्यांपासून तुटले आणि भलत्याच वस्तीत शिरले.

दहा-बारा घरं, प्रत्येक दाराला कुलूप. सगळी तोडीला गेलेली दिसत होती. कुत्रं नाही, कोंबडी नाही. पण जवळजवळ प्रत्येक दारापुढं ओला सडा होता आणि त्यावर ताजी रांगोळी. अप्पांच्या अंगावर काटा आला.

"कोण हाय का?"

घरांमागून एक म्हातारी आली. कमरेत वाकलेली, हातात शेणकाल्याची बादली. तिचं नाव छबूबाई. लेक-सून कारखान्यावर गेलेले. हिला झेपत नाही म्हणून मागं ठेवलेली.

"मावशी, ह्या घरांत तर कुणीच न्हाई. मग सडा कशाला?"

"रोज टाकावा लागतो बाबा. गेलेली माणसं माघारी यायला पायजेत न्हवं?"

तिनं तांब्याभर पाणी दिलं. अप्पा शेजारच्या ओट्यावर टेकून पाणी पिऊ लागले, आणि पाठीमागच्या बंद दाराआड कुणीतरी खोकलं. खोल, छातीतला खोकला. अप्पांनी वळून पाहिलं. कुलूप गंजलेलं होतं, कडीवर कोळ्याचं जाळं होतं.

छबूबाई दाराकडं न बघताच म्हणाली, "पाणी पी रं आश्रुबा." मग अप्पांना म्हणाली, "थंडी बाधली त्याला. रात्रभर खोकायलाय."

"कुठं हाय आश्रुबा?"

"कर्नाटकात. तोडीवर. शेजारी हाय माझा, हे घर त्याचंच."

अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. पळून जावंसं वाटलं, पण म्हातारीला तसं टाकून पाय निघेना.

"ताडकळसला चला, माझ्या घरी."

ती नुसती हसली. अप्पांनी भागम्मानं दिलेली धपाटी तिच्यापुढं ठेवली आणि धुकं विरेपर्यंत तिथंच बसून राहिले. दाराआड पुन्हा आवाज झाला नाही.

फेरीत अप्पा सगळ्यात शेवटी पोचले. घडलेलं फक्त भागम्माला सांगितलं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं जाऊन छबूबाईला घोंगडी देऊन आली.

पाडव्याच्या सुमारास माणसं परतली, तेव्हा अप्पा मुद्दाम वस्तीवर गेले. आश्रुबा भेटला. हडकलेला, पण हिंडता-फिरता. तब्येतीचं विचारलं तर म्हणाला, "जानेवारीत लय बेजार होतो. समदे फडात ऊस तोडायला जायचे, मी एकटा पाचटाच्या कोपीत पडलेला. पण कानात आवाज यायचा, पाणी पी म्हणून. मग उठून प्यायचो."

"कुणाचा आवाज?"

आश्रुबानं छबूबाईच्या घराकडं पाहिलं. "काय की," म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर अप्पांनी हट्टानं फेरीची वाट त्या वस्तीवरून वळवून घेतली. खड्डे लय हायेत म्हणून बाकीचे कुरकुरतात. अप्पा मात्र सगळ्यांच्या आधी तिथं पोचतात, सायकल भिंतीला लावतात आणि छबूबाईला हापशावरून पाणी आणून देतात.